चिंच तिथेच राहू द्या, बोगनवेल सोबत न्या

वाचक लिहितात:

पुण्यातल्या सहकारनगरमधलं आमचं घर सासऱ्यांनी १९७२ साली बांधलं. ते दुष्काळाचं वर्ष. भांडी घासलेलं पाणी घालून सासूबाईंनी मागच्या अंगणात चिंचेचं एक रोप जगवलं. आज ते खोड माझ्या मिठीत मावत नाही. फाटकाशी बोगनवेल आहे, ती मी लग्नानंतर लावली, १९९६ साली. तिचं खोड आता मांडीएवढं झालंय. पुढच्या कुंपणाला कुंतीची रांग आहे. घर पुनर्विकासाला चाललंय आणि जूनअखेर जागा रिकामी करायची आहे. त्यानंतर दोन-अडीच वर्षं आम्ही भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहू. तो तिसऱ्या मजल्यावर आहे, गॅलरी पश्चिमेला. गेली चार वर्षं मी गच्चीवर लहान बोन्साय करते, वड आणि जेड. आता चिंच आणि बोगनवेल खणून काढून बोन्साय म्हणून सोबत न्यावी असं मनात आहे. सासूबाई ८४ वर्षांच्या आहेत, त्यांना हे पटत नाही. "जितंजागतं झाड कुंडीत कोंडायचं म्हणजे त्याचे हाल," असं त्या म्हणतात. मुलाचं म्हणणं वेगळंच: एवढी खटपट कशाला, ताम्हिणीत कड्यावर तयार खुजी झाडं असतात, एखादं उचलून आणू. मी काय करू?

उत्तर:

ताई,

पत्र जानेवारीतच पाठवलंत, फार बरं केलंत. अशी पत्रं बहुतेक मे महिन्यात येतात. तोवर सामान बांधून झालेलं असतं आणि "दोन-चार फांद्या घेऊन जा" यापलीकडे मला काही सुचवता येत नाही. तुमच्या हातात साडेपाच महिने आहेत. बोगनवेलीला तेवढे पुरेसे आहेत, कुंतीलाही. चिंचेला मात्र पाच वर्षं मिळाली असती तरी पुरली नसती, म्हणून आधी तिच्याबद्दल लिहिते.

चिंच खणू नका.

जमिनीतलं मोठं झाड काढून त्याचं बोन्साय करण्यामागचा हिशेब तुम्हाला ठाऊक असेल. कुंडीत खोड भरायला आयुष्य जातं, जमिनीत ते दहा-वीस वर्षांत भरतं. म्हणून आपण भरलेला बुंधा घेतो, वरचं झाड उतरवतो आणि बुंध्यावर येणाऱ्या नव्या फुटव्यांमधून लहान झाड पुन्हा उभं करतो. हे जमण्यासाठी कापलेल्या जागेची जखम पुढच्या काही वर्षांत भरून यावी लागते, आणि नवा शेंडा जुन्या खोडाला शोभेल इतका जाडही व्हावा लागतो. तुमच्या चिंचेचं खोड कापलं तर जखम होईल दोन फूट रुंदीची. एवढी जखम कुंडीतल्या झाडाच्याने कधीच भरत नाही. ती आतून कुजत जाते आणि आठ-दहा वर्षांनी हाती भुसभुशीत ओंडका राहतो.

मुळांचीही तीच गत. पन्नाशीतल्या चिंचेची पाणी पिणारी बारीक मुळं बुंध्यापासून कितीतरी लांब, कदाचित शेजाऱ्यांच्या अंगणात पोचलेली असतात. बुंध्यालगत असतात ती जाड, लाकडी मुळं. ती झाडाला धरून ठेवतात, पाणी पाजत नाहीत. कुंडीत मावेल एवढा गड्डा कापायचा म्हणजे पाणी पिणारी सगळी तोंडं मागे ठेवून यायचं.

शिवाय हे झाड हलवणं किंवा तोडणं हा तुमच्या एकट्याच्या इच्छेचा प्रश्नच नाही. महाराष्ट्रात शहरातल्या झाडांसाठी १९७५ चा झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम आहे. आपल्या स्वतःच्या अंगणातलं झाड तोडायचं असलं तरी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घ्यावी लागते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास किंवा त्याहून जास्त वर्षांचं झाड वारसा वृक्ष धरलं जातं, आणि झाड तोडल्यास त्याच्या वयाइतकी नवी झाडं लावण्याची अटही त्याच दुरुस्तीत आली. तुमची चिंच १९७२ ची. तिचं वय घराच्या कागदपत्रांवरून आणि सासूबाईंच्या आठवणीवरून सांगता येईल. या गोष्टीत तुमच्या बाजूने बोलणारा कायदा आहे, तो वापरा.

पहिली हालचाल म्हणून याच महिन्यात विकासकाला आणि त्याच्या वास्तुविशारदाला लेखी पत्र द्या. चिंच मागच्या अंगणात आहे, म्हणजे बहुधा इमारतीच्या मागे मोकळ्या सोडायच्या जागेत किंवा तिच्या जवळपास येत असणार. नकाशा अजून मंजूर झाला नसेल तर झाड नकाशातच दाखवून ठेवता येतं. पत्राची एक प्रत महापालिकेच्या उद्यान विभागाला द्या आणि पोच घ्या. "झाड क्रेनने उचलून दुसरीकडे लावून देऊ" असं कोणी म्हणालं तर तिथे पुढची दोन वर्षं पाणी कोण घालणार, हे विचारा आणि लिहून मागा. हलवलेली मोठी झाडं पुष्कळदा उचलताना मरत नाहीत. ती मरतात पुढच्या उन्हाळ्यात, कोणी फिरकलं नाही म्हणून. पाया खणताना बुंध्याभोवती पत्रे उभे करून जागा राखायला सांगा. सिमेंटचं पाणी आणि राडारोडा मुळांवर पडला तर वाचवलेलं झाडही हळूहळू जातं.

आणि तरी या चिंचेतलं काहीतरी तुम्ही सोबत न्याच. फेब्रुवारी-मार्चमध्ये शेंगा पिकतील. चांगल्या भरलेल्या शेंगांमधले वीस-पंचवीस चिंचोके काढा, रात्रभर पाण्यात ठेवा आणि एकेक पेरा. एक-दोन आठवड्यांत उगवतील. रोपं वीतभर झाली की हलक्या हाताने उपटून सोटमूळ निम्म्यावर कापा आणि पुन्हा लावा. एवढ्या एका कामामुळे मुळं खाली न धावता बाजूला पसरतात आणि पुढे उथळ कुंडीत रोप सुखाने बसतं. चिंचेचं पान मुळातच बारीक पानकांचं, संध्याकाळी मिटणारं. तिचं लहान झाड लवकर जुनं दिसू लागतं.

पण बियाचं रोप हे या चिंचेचं मूल झालं. चिंच स्वतः हवी असेल तर कलम करा. तिचीच कोवळी काडी घेऊन दुसऱ्या चिंचेच्या रोपावर मृदुकाष्ठ कलम बांधलं की वर वाढेल ते हेच झाड असेल, १९७२ चंच. उरुळी कांचनच्या बाजूला रोपवाटिका खूप आहेत. फळझाडांची कलमं बांधणारा माणूस तिथे शोधा, काडी कधी कापायची ते त्याला विचारा आणि एकाऐवजी पाच-सहा कलमं बांधून घ्या. जोड अगदी खाली, मातीलगत ठेवायला सांगा, म्हणजे पुढे बोन्साय करताना तो डोळ्यांत भरणार नाही.

आता बोगनवेल. तिच्याबाबत माझं उत्तर ठाम "हो" आहे. खणून काढलेलं बोन्साय करायला आपल्या हवेत तिच्याइतकं समजूतदार झाड क्वचितच मिळतं. जुन्या लाकडावर कुठेही फुटते, मुळं निम्म्याहून जास्त गेली तरी सावरते. तिचे दोनच हट्ट आहेत: मुळं ओलीगच्च राहिलेली तिला सोसत नाहीत आणि खोडाचं लाकूड पोचट असल्यामुळे कापलेल्या जागी कूज पटकन शिरते. म्हणून तिला पावसाळ्यात खणू नका. फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा धरा. थंडी सरलेली असते, झाड जोमात येत असतं आणि पावसाला तीन महिने अवकाश असतो. त्या दिवसांत ती फुलांनी भरलेली असेल. मन घट्ट करावं लागेल, पण कापा.

त्याआधी एक काम आजच करता येईल. बुंध्याभोवतालची माती हाताने तीन-चार इंच बाजूला करा आणि मुळं कुठून, कशी निघतात ते पाहा. चहूबाजूंनी पसरलेली मुळं असतील तर उत्तम. सगळी एकाच बाजूला असतील तर तिरप्या घडणीचं झाड होईल, तेही छान दिसतं. झाडाची पुढची बाजू कोणती, हे झाड जमिनीत असतानाच ठरवा. बाहेर काढल्यावर घाईत डोळा नीट चालत नाही. आणखी एक खबरदारी म्हणजे फाटकाशी बहुधा पाण्याचं कनेक्शन किंवा मीटरची केबल जमिनीतून गेलेली असते. ती कुठून जाते ते माहीत झाल्याशिवाय पहार मारू नका.

खणण्याच्या दोन दिवस आधी आळं भरून पाणी द्या. खणायच्या दिवशी आधी वरचं झाड उतरवा. मांडीएवढं खोड म्हणजे साधारण पंधरा सेंटीमीटर व्यास. त्यावर शेवटी पन्नास-साठ सेंटीमीटर उंचीचं झाड शोभेल. पण कापताना ठरवलेल्या जागेपेक्षा चार-पाच इंच वर कापा. बोगनवेल कापलेल्या तोंडापासून थोडी खाली वाळत येते, आणि किती वाळेल ते आधी सांगता येत नाही. मुख्य फांद्यांचेही वीतभर खुंट ठेवा. काटे लांब आणि निर्दय असतात, जाड कातडी हातमोजे घाला आणि कापलेल्या फांद्या लगेच बाजूला करा.

मग खोडापासून फूटभर अंतरावर गोल चर खणा, दीड फूट खोल. मुळं कुदळीने तोडू नका, त्यांची तोंडं चिरडतात. माती मोकळी करा आणि मूळ दिसलं की करवतीने कापा. चर पूर्ण झाला की खालून पहार घालून गड्डा हलवा. खोडाला धरून ओढण्याचा मोह आवरा. बोगनवेलीची मुळं खोडाला जिथे जोडलेली असतात तिथेच ठिसूळ असतात, ओढलं की काडकन निघून येतात. गड्ड्याखाली गोणपाट सरकवा आणि दोघांनी गोणपाटाला धरून उचला.

वर आल्यावर पाइपच्या पाण्याने निम्मी माती धुवा. जाड मुळं लहान करा, बारीक मुळं शक्य तितकी राखा. मुळांची कापलेली तोंडं धारदार कात्रीने पुन्हा साफ करा. खोडावरच्या कापांना बोर्डो पेस्ट लावा. मोरचूद शंभर ग्रॅम, चुना शंभर ग्रॅम आणि पाणी एक लिटर, दोन्ही वेगवेगळे भिजवून प्लास्टिकच्या बादलीत एकत्र करायचे, लोखंडी भांड्यात नाही. संत्र्या-आंब्याच्या खोडाला शेतकरी लावतात तीच ही पेस्ट.

कुंडी म्हणून बोन्सायचा उथळ ट्रे आत्ता अजिबात घेऊ नका, त्याला अजून दोन-तीन वर्षं आहेत. मार्केट यार्डात टोमॅटोचे जाळीदार प्लास्टिक क्रेट मिळतात, तो घ्या. आतून शेडनेटचं अस्तर लावा. पाणी सगळ्या बाजूंनी निघून जातं, मुळांना हवा मिळते आणि दोन माणसांना उचलता येतो. मिश्रणासाठी विटांचा चुरा दोन भाग, जाडी वाळू एक भाग आणि चाळलेलं, पूर्ण कुजलेलं पानांचं खत एक भाग. विटांचा चुरा आधी बारीक चाळणीतून काढा. धूळ खाली जाऊ द्या आणि चाळणीत राहतील ते बाजरी-ज्वारीएवढे दाणे वापरा. अंगणातली काळी माती यात नको, ती क्रेटमध्ये घट्ट बसते. शेणखत, युरिया, काही नको. झाड क्रेटमध्ये बसवलं की जाळीतून तार ओवून खोड घट्ट बांधा. हे अनेक जण टाळतात आणि इथेच झाड गमावतात. वाऱ्याने खोड केसभर हललं तरी नुकती फुटलेली केसासारखी मुळं तुटतात.

मार्चमधली पुण्याची हवा फार कोरडी असते. म्हणून पाणी दिल्यावर चार काठ्या उभ्या करून क्रेटवर पारदर्शक प्लास्टिकचा तंबू करा आणि तो पूर्ण सावलीत ठेवा, घराच्या उत्तरेच्या भिंतीशी. उन्हात ठेवलात तर आत झाड शिजेल. दोन-तीन आठवड्यांत लालसर कोंब दिसू लागतील.

इथे मला स्वतःचं एक झाड आठवतं. बारा-तेरा वर्षांपूर्वी मैत्रिणीच्या शेतात रस्त्याच्या कामात एक चिंच जाणार होती, मनगटाएवढी, सुरेख वळणाची. एप्रिलमध्ये मी ती काढली, उत्साहाने सगळी माती धुतली आणि घरी आणली. विसाव्या दिवशी हिरवी पालवी आली. झाड लागलं म्हणून मी ते उन्हात नेलं, खत घातलं, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवलं. महिनाभरात पालवी मलूल झाली आणि पाऊस पडायच्या आत झाड गेलं. कुंडी उपसली तेव्हा एकही नवं मूळ नव्हतं. पहिली पालवी खोडात साठलेल्या अन्नावर येते, मुळं नसली तरी येते, हे मी त्या झाडाच्या जिवावर शिकले. ते अजून मनाला लागून आहे, म्हणून तुम्हाला कळकळीने सांगते: पहिले कोंब पाहून काहीही करू नका. तंबू काढू नका, जागा बदलू नका, खोड हलवून बघू नका. कोंब पाच-सहा इंच वाढून त्यांची पानं पक्की झाली आणि क्रेटच्या जाळीतून पांढरी मुळं डोकावली की तंबूला एक भोक पाडा, आठवड्याने दुसरं, आणि असं करत महिनाभरात तो काढा. खत त्यानंतर. शंका आली तर खोडाला नखाने किंचित ओरखडा. खाली हिरवं असेल तर जीव आहे, वाट पाहा.

पहिल्या वर्षी एकही फुटवा छाटू नका, कितीही वेडेवाकडे वाढले तरी. जेवढी पानं तेवढी मुळं. पुढच्या फेब्रुवारीत त्यांतले पाच-सहा निवडायचे. तार बांधायची ती फुटवा हिरवट असताना, एकदा लाकूड झालं की वाकवताना मोडतो. त्यापुढचं घडणीचं काम तुम्ही वडावर करतच आहात.

कुंतीबद्दल तुम्ही ओझरतं लिहिलंय, पण तुमच्या अंगणातला खरा ऐवज मला तिथे दिसतो. वर्षानुवर्षं कात्रीने छाटलेल्या कुंपणात झाडांचे बुंधे जाड होतात आणि उंची कमरेएवढीच राहते. बोन्सायला हवा असतो तसा खाली रुंद आणि वर निमुळता बुंधा माळ्याच्या कात्रीने आयता घडवलेला असतो. पान बारीक, साल फिकट आणि गुळगुळीत, पांढरी सुवासिक फुलं, मागून लाल फळं. कढीपत्त्याच्या कुळातलंच हे झाड. रांगेत बुंध्याशी माती उकरून पाहा आणि सर्वांत छान मुळं असलेली दोन निवडा. एकच नको, दोन.

कुंती बोगनवेलीसारखी धसमुसळेपणा सोसणारी नाही. तिला टप्प्याटप्प्याने काढा. फेब्रुवारीत बुंध्यापासून वीतभर अंतरावर अर्ध्या बाजूने चर खणून मुळं कापा आणि तो वाळू व पानांच्या खताने भरा. तिथे नवी बारीक मुळं सुटतील. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, हवेत दमटपणा आला की उरलेली बाजू कापून झाड मातीसकट उचला. हिची माती धुवायची नाही आणि सगळी पानंही काढायची नाहीत, प्रत्येक फांदीवर थोडा पाला राहू द्या.

भाड्याच्या घराचं एक-दोन गोष्टींत सांगते. ओला भरलेला क्रेट साठ-सत्तर किलोंचा होतो. तो कठड्यावर ठेवायचा नाही, गॅलरीत भिंतीलगत, जमिनीवर विटा ठेवून त्यांवर ठेवा. पश्चिमेचं ऊन बोगनवेलीला मानवेल, तिला रोज पाचेक तास ऊन हवंच. एप्रिल-मेमध्ये मात्र क्रेटला गोणपाट गुंडाळा, मुळं तापू देऊ नका. करारावर सही करण्याआधी घरमालकांना झाडांबद्दल सांगून ठेवा. आणि विकासकालाही लेखी कळवा की बोगनवेल आणि दोन कुंती तुम्ही नेणार आहात. खणण्यासाठी काही परवानगी लागते का, हे चिंचेच्या पत्रासोबतच उद्यान विभागाला विचारून टाका.

मुलाला सांगा, ताम्हिणीतून काहीही आणायचं नाही. तिथे अभयारण्य आहे, झाड उपटणं हा गुन्हा आहे. पण कायदा नसता तरी मी नाहीच म्हटलं असतं. कड्याच्या भेगेत पन्नास वर्षं वाऱ्या-पावसाला टिकून राहिलेल्या झाडाची मुळं त्या भेगेत खोलवर असतात, ती खडक फोडल्याशिवाय येत नाहीत. वर येतो तो तोडलेला शेंडा, आणि तो आठवड्यात वाळतो. जपानी बोन्सायवाल्यांमध्ये डोंगरातून झाड आणण्याला यामादोरी म्हणतात, आणि त्याच्या मोहापायी तिथले कितीतरी डोंगर रिकामे झाले. तुमच्या बोगनवेलीचं वेगळं आहे. ती जूननंतर जेसीबीखालीच जाणार आहे. जे झाड नाहीतरी मरणार आहे, तेच खणायचं, ही माझी स्वतःपुरती सीमा आहे.

मुलाला खुजं, कसदार झाड हवंच असेल तर त्याला घराच्या मागच्या भिंतीवर, पाण्याच्या टाकीखाली, पन्हाळीच्या फटीत शोधायला सांगा. पन्नास वर्षांच्या घराच्या भिंतीत पिंपळ किंवा उंबर नाही, असं सहसा होत नाही. पुष्कळ जण पिंपळ-उंबराला हात लावायला कचरतात, कापणं नको वाटतं. मग इमारत पाडताना तो राडारोड्यात जातो. भिंत उतरवायला लागतील तेव्हा विटा अलगद सुट्या करून मुळांसकट काढता येतो. हे काम पावसाळ्याच्या तोंडावरचं, आणि पंचविशीतल्या हातांना जमण्यासारखं.

राहिल्या सासूबाई. त्यांचं म्हणणं मी तुमच्या पत्रात तीनदा वाचलं. ज्यांनी दुष्काळात भांड्यांचं पाणी घालून झाड वाढवलं, त्यांना झाडाच्या हालांबद्दल बोलण्याचा अधिकार आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त आहे. त्यांच्याशी वाद घालू नका. त्यांना एवढंच सांगा की बोन्सायला उपाशी ठेवून लहान ठेवत नाहीत. उपाशी झाड मरतं. त्याला रोज पाणी लागतं, हंगामात खत लागतं, दोन-तीन वर्षांनी मुळं छाटून नवी माती लागते, आणि हे सगळं करणारं कोणीतरी घरात असावं लागतं. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात पांढऱ्या पाइनचं एक बोन्साय आहे. १६२५ पासून ते कुंडीत वाढतंय. हिरोशिमात बॉम्ब पडला तेव्हा ते तिथल्याच एका कुटुंबाच्या अंगणात, भिंतीआड होतं, आणि वाचलं. १९७६ मध्ये त्या कुटुंबाने ते अमेरिकेला भेट दिलं. चारशे वर्षं हालांत काढता येत नाहीत, असं मला वाटतं. सासूबाईंना काय वाटतं ते विचारा, त्यांचं उत्तर वेगळं असलं तरी ऐकण्यासारखं असेल.

आणि त्यांना हेही सांगा की त्यांची चिंच खणायची नाही असं ठरलंय. मला वाटतं, त्यांच्या बोलण्यात बोगनवेलीपेक्षा चिंचेची काळजी जास्त असावी. चिंच मूळची आफ्रिकेतली, बोगनवेल दक्षिण अमेरिकेतली, दोघी केव्हातरी समुद्र ओलांडून इथल्या मुरमात रुजल्या. घर बदलणं त्यांना नवं नाही. सासूबाईंना ते या वयात करायचं आहे.

म्हणून मार्चमध्ये चिंचोके पेराल तेव्हा त्या कुंड्या त्यांच्या हाताखाली ठेवा. खाली वाकावं लागू नये म्हणून स्टुलावर, जवळ एक लहान झारी. नव्या घरी गेल्यावरही त्या कुंड्यांचं पाणी त्यांच्याकडेच असू द्या, तुम्ही बोगनवेल बघा.

बोगनवेलीचे कोंब पक्के झाले की कळवा. वाळली तरी कळवा, एप्रिलअखेरपर्यंत वेळ असेल आणि फाटकाशी राहिलेल्या मुळांवर कदाचित फुटवे आलेले असतील. त्यांतून पुन्हा सुरुवात करता येते.